घसा बसलाय, बाकी ठीक

बारामती
९ जून २०२४

चि. उत्पला,

तुझा ईमेल मिळाला. एक वर्ष सात महिन्यांनी. बाबांनी फार आग्रह केला म्हणून लिहिते आहे, असं तू पहिल्याच ओळीत सांगून टाकलं आहेस. ठीक. कारण काही असो, लिहिलंस.

तुझ्या अटी दोनदा वाचल्या. फोन करायचा नाही. पत्रासारखं लिहायचं, तू तुझ्या सवडीनं वाचणार. उत्तरासाठी मागे लागायचं नाही. पुन्हा दिवस गेले आहेत, चौथा महिना आहे, हे नातेवाइकांत बोलायचं नाही. सगळं मान्य. बावड्याच्या द्वारकाआत्यापासून लपवणं तेवढं अवघड आहे. तिला बातमीचा वास येतो.

आता मूळ मुद्दा. मागच्या वेळी बाळ गेलं तेव्हा तू दवाखान्यातून फोन केलास आणि मी म्हणाले, "तरी मी सांगत होते, डाळिंबाच्या बागेत उन्हातान्हात उभी राहू नकोस." हे वाक्य माझंच. नाकारत नाही. तू फोन ठेवलास. त्यानंतर काय झालं ते मला परवा तुझ्या ईमेलमधून कळलं. तुझ्या सासूबाई आल्या. त्यांना मराठी येत नाही, तू स्पेनला नवीन, तुझं स्पॅनिश तेव्हा अर्धंमुर्धं. विषय देलिकादो, म्हणजे नाजूक आहे, बोलू का, एवढं त्यांनी विचारलं. तू नाही म्हणालीस, तर दोन तास नुसत्या बसून राहिल्या. 'आई, त्यांच्याकडे या गोष्टीला एक विशेषण आहे. तुझ्याकडे ती गोष्टच नाही. शिकता आली तर शीक. नाहीतर लिहू नकोस.'

मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. शीक म्हटल्यावर शिकायला बसण्याची मला लाज नाही.

लासुर्ण्याच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी सिमरन आता इंदापूरजवळ फळं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये आहे. स्पेनच्या व्यापाऱ्यांशी बोलावं लागतं म्हणून मोबाइलवर ती भाषा शिकते. तिला गाठलं.

"व्हय मॅडम, हा शब्द मला लई पाठ हाय," ती म्हणाली. "भाव पाडायचा असला की तितली माणसं आधी म्हणत्यात, विषय जरा देलिकादो हाय. मग घरच्यांची चौकशी करत्यात. अब्बांचं गुडघं कसं हायत विचारत्यात. मग पाडत्यात."

"म्हणजे शेवटी पाडतातच."

"पाडत्यात की. पण राग येत न्हाय."

"तोटा व्हायचा तो होतोच ना?"

"असं बोलताय म्हणूनच तर शिकाय आलाय तुमी."

तिनं दोन नियम सांगितले. समोरच्याची ऐकायची तयारी आहे का, ते आधी विचारायचं. आणि दोष द्यायचा असला तर वाक्य स्वतःपासून सुरू करायचं.

तर विचारते. एक सांगायचं आहे, चालेल का? मला त्या दिवशी फार भीती वाटली होती. भीती वाटली की मी चूक कुणाची ते शोधायला लागते. शाळेत मूल पडलं तरी मी आधी विचारायची, धावत का होतास. मग रक्त पुसायची. तुझं तर मी पुसलंही नाही.

इतकं पुरे. हे सगळं आधी कच्च्या वहीत लिहिलं, मग मोबाइलवर उतरवलं. शाळेच्या नोटिसाही मी अशाच काढायची. कच्च्यात चार ओळी जास्त होत्या, त्या पक्क्यात घेतल्या नाहीत. बहुधा यालाच शिकणं म्हणतात.

बाबांचा आवाज महिनाभर घोगरा आहे. रविवारच्या फोनवर तू ऐकलाच असशील. पुण्याला दाखवतो आहोत.

आई


४ जुलै
(कच्चं. पाठवलं नाही.)

उत्पला,

बाबांना स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. काल रिपोर्ट आला. तिसरा टप्पा. स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज कायमचा जाईल, गळ्याला भोक राहील आणि श्वास तिथून घ्यावा लागेल. त्यानंतरही खात्री नाही. मी डॉक्टरांना विचारलं, किती टक्के? ते म्हणाले, असं टक्क्यांत बोलू नये. मी म्हणाले, मला टक्क्यांतच समजतं. म्हणाले, निम्मे धरा.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी जे होतं ते सांगितलं. ते जरा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा घेऊ या."

चहा घेताना म्हणाले, "पोरीला यातलं काही कळवू नकोस. पाचवा महिना लागतोय तिला."

"मी कुणाला खोटं सांगत नाही."

"माहितीय. तीस वर्षं ऐकतोय. म्हणून तर आत्ताच सांगून ठेवतोय."


४ जुलै
(पक्कं. पाठवलं.)

चि. उत्पला,

विषय जरा नाजूक आहे, पण घाबरण्यासारखा मुळीच नाही. बाबांचा घसा बसलाय, बाकी ठीक. स्वरयंत्रापाशी एक गाठ आहे, ती काढून टाकतील. काही दिवस बोलता येणार नाही, म्हणून रविवारचा फोन बंद राहील. लिहून बोलतील, ते मी तुला कळवत जाईन. फोटो पाठव म्हणू नकोस, त्यांना आवडत नाही हे तुला माहीत आहे.

पाणी भरपूर पी. हा सल्ला नाही, आठवण आहे.

आई


२५ जुलै

चि. उत्पला,

तुझं उत्तर 'प्रिय आई' असं सुरू होतं. मी ते बाबांना दाखवलं. आम्ही त्यांच्यासाठी पांढरी पाटी आणि मार्कर आणला आहे. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'ज्योत्स्ना, पास झालीस.'

शस्त्रक्रिया नीट झाली. पातळ जेवण चाललं आहे. तू विचारलंस, ते चिडचिड करतात का. करत नाहीत. उलट मीच चिडते, कारण पूर्वी मी बोलायला लागले की ते मध्येच "बरं" म्हणायचे आणि मी थांबायची. आता मला कुणी थांबवत नाही.

तुझ्या सासूबाईंनी बाळासाठी लोकरीचं विणायला घेतलं आहे, हे वाचून आनंद झाला. खरंच झाला. पहिल्या वाचनात झाला नव्हता, दुसऱ्या वाचनात झाला.

तू एवढं लांब, दोन पानं भरून लिहिलंस. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं तेसुद्धा. मला माहीत नव्हतं की तुला खिडकीतून खजुराची झाडं दिसतात.

आई


१८ ऑगस्ट
(कच्चं. पाठवलं नाही.)

उत्पला,

तू विचारलं आहेस, 'डॉक्टर म्हणतात सप्टेंबरच्या मध्यापर्यंत विमानप्रवासाला हरकत नाही. दोन आठवडे येऊन जाऊ का? आई, खरं सांग. गरज आहे का?'

आहे. ये.

मानेत पुन्हा गाठ आली आहे. शस्त्रक्रियेला पाच आठवडेसुद्धा झाले नाहीत. रेडिएशनचे लाइट द्यायला रोज पुण्याला नेतो. बारामतीहून पहाटे निघायचं, दुपारी परत. ते सत्तेचाळीस किलो झाले आहेत. मी परवा त्यांना एकटीनं उचलून पलंगावर ठेवलं. मला त्यांचं वजन जाणवायला हवं होतं.

द्वारकाआत्या आठ दिवस राहायला आली होती. तिनं माझा मोबाइल बघितला, विचारलं नाही की काही नाही. म्हणाली, "वैनी, दादाचं नरडं कापलं आन् पोरीला घसा बसलाय म्हून कळवलं? तुमी? तुमच्या त्वांडातनं लोणी कवापास्नं गळाय लागलं?"

मी म्हणाले, "तिला दिवस आहेत."

आत्या म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या. मागल्या बारीला तुमी बोललाव आन् काय झालं ते बघितलंय की आमी."

बाळ माझ्या बोलण्यानं गेलं नव्हतं. आधी गेलं होतं, मी नंतर बोलले. हे मी आत्याला सांगितलं नाही. माझं मलाच अलीकडे नक्की आठवत नाही, आधी काय आणि नंतर काय.

ये.


१८ ऑगस्ट
(पक्कं. पाठवलं.)

प्रिय उत्पला,

तू विचारलंस हेच खूप झालं. बाबांना वाचून दाखवलं, ते हसले.

पण मला विचारशील तर एवढा प्रवास आत्ता नको. तुझी तब्येत महत्त्वाची. इथं काही अडलेलं नाही. डॉक्टर थोडे लाइट देत आहेत, ते प्रत्येकालाच देतात. अशक्तपणा आहे, तो भरून येईल. बाळ तीन महिन्यांचं झालं की तुम्ही तिघं निवांत या. फेब्रुवारीत हवा चांगली असते. बाबा त्याला घेऊन कालव्याच्या कडेनं फिरतील.

खिडकीबद्दल अजून लिही.

तुझी,
आई


२६ सप्टेंबर
(कच्चं. पाठवलं नाही.)

काल डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि या वेळी आढेवेढे घेतले नाहीत. दोन ते तीन आठवडे.

आज बाबांनी पाटीवर लिहिलं, 'उत्पला कधी?'

मी म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं, कळवू नकोस."

त्यांनी ते पुसलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच लिहिलं.

तुला सातवा संपत आला. आता विमानात कुणी बसू देणार नाही. आता खरं सांगून तुला फक्त तळमळत ठेवता येईल. ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर तू आली असतीस. हे गणित मला तेव्हाही येत होतं.




२६ सप्टेंबर
(पक्कं. पाठवलं.)

प्रिय उत्पला,

तुझा पोट दिसणारा फोटो मिळाला. बाबांच्या उशाशी ठेवला आहे. ते थकले आहेत, बरेचसे झोपून असतात. तू काळजी करू नकोस.

आई


२८ ऑक्टोबर

उत्पला,

तुझा ईमेल आला. सात ओळी. वरती 'प्रिय' नाही, 'आई'ही नाही. बरोबर आहे.

बाबा १७ तारखेला, गुरुवारी गेले. मी तुला कळवायला बसले होते. कच्च्या वहीत चार सुरुवाती केल्या आणि चारही खोडल्या. तेवढ्यात आत्याच्या रणजितनं मोबाइलच्या स्टेटसवर बाबांचा फोटो टाकला, हार घातलेला, खाली 'भावपूर्ण आदरांजली'. तू तो स्वयंपाकघरात उभी असताना बघितलास असं लिहितेस. रणजितचा दोष नाही. त्यानं लोक करतात तेच केलं. मी शब्द निवडत बसले होते.

तू लिहितेस, 'आयुष्यभर तू मला कडू तेच सांगत आलीस. म्हणून तू गोड लिहिलंस तेव्हा मी ते खरं मानलं. दुसऱ्या कुणी "बाकी ठीक" लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी तिकीट काढलं असतं. मी म्हणाले, आईनं लिहिलंय म्हणजे खरंच काही नाही.'

हे वाचल्यावर मी मोबाइल पालथा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत उचलला नाही.

तू असंही लिहितेस की सासूबाईंनी आधी परवानगी मागितली होती, गोष्ट लपवली नव्हती. मी नुसतं मऊ बोलायला शिकले. विचारायचं विसरले. यायचं की नाही, हे तुझ्यावर सोपवायचं होतं. मी शिक्षिकेसारखं उत्तर आधीच ठरवलं आणि तुला प्रश्नच दिला नाही.

आता मी जे सांगते ते बाबांनाही सांगितलं नव्हतं. सगळे म्हणतात, मी बाळासाठी लपवलं. मीही तेच म्हणते आणि लोक मान डोलावतात. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की तू 'प्रिय आई' लिहायला लागली होतीस. दर आठवड्याला दोन पानं. खिडकी, खजुराची झाडं, रात्री पाय आखडतात ते, बाळ उजवीकडे लाथ मारतं ते. मला हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं, तुझ्या लहानपणीसुद्धा नाही. तू सगळं बाबांना सांगायचीस. खरं कळवलं असतं तर पत्रं पुन्हा त्यांच्याविषयी झाली असती, आणि मी वाईट बातमी आणणारी बाई. त्यांच्या आजारपणातून मी तुझी पत्रं खाल्ली. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही आणि शोधणारही नाही.

कच्च्या वहीतल्या पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. तारखा बघ. १८ ऑगस्टच्या पानावर 'ये' दोनदा लिहिलेलं आहे. हे माझ्या बचावासाठी नाही. मला माहीत होतं आणि तरी मी तसं केलं, याचा तो पुरावा आहे.

जलदान विधी परवा झाला. बावड्याहून सगळे आले होते. तुझ्या नावानं फुलं सिमरननं वाहिली, मी सांगितलं नव्हतं, तिनंच विचारलं.

तुझी शेवटची ओळ. 'त्यांनी माझी वाट बघितली का? आणि यावर देलिकादो बोलू नकोस.'

हा ईमेल मी आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली, "सांगा की बेसुद हुता म्हून. शेवटाला काय बी कळत न्हवतं म्हनावं. पोटुशी पोर हाय, वैनी. तिला काय उपेग आता खऱ्याचा?"

सिमरनला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, ह्यात माझं शिकिवल्यालं न्हाय चालायचं."

होय. त्यांनी वाट बघितली.

शुद्ध शेवटपर्यंत होती. सोमवारी त्यांनी पलंग फिरवायला लावला, दाराकडे तोंड करून. बाहेर रिक्षा थांबली की डोळे उघडायचे. मंगळवारी पुन्हा लिहिलं, 'उत्पला कधी?' अक्षर ओळखू येत नव्हतं, पण दुसरं काही असण्याची शक्यता नव्हती. आणि मी म्हणाले, "निघाली आहे."

तुला खोटं सांगितलं ते तू आता जाणतेस. त्यांनाही सांगितलं, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. बुधवारी म्हणाले, उद्या सकाळी मुंबईला उतरते आहे, रणजित आणायला गेला आहे. रणजित तेव्हा आतल्या खोलीत होता. त्याला मी दाराशी येऊ नकोस म्हणून सांगितलं. बुधवारी त्यांनी दोन चमचे पेज घेतली. चार दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, बघ, गोड बोलण्यानं माणूस जेवतो.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी बोटानं हवेत प्रश्नचिन्ह काढलं. मी म्हणाले, "पाटस सोडलं."

चोवीस वर्षं इंदापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या पुकारलेला माणूस. कुठून कुठं किती वेळ लागतो, हे त्यांना पाठ होतं. पाटसहून बारामतीला तास. रस्त्यात काम चालू असेल तर सव्वा. मी हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. लांबचं एखादं गाव सांगता आलं असतं. पण मला खोटं बोलण्याची सवय नव्हती, मी जवळचं सांगून बसले.

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. पाच वाजले. सव्वापाच झाले. साडेपाच झाले. मध्ये दोनदा फटफटी थांबली, ती शेजारची. मी काहीतरी बोलत होते. टायर पंक्चर झाला असेल, असंही म्हणाले.

पावणेसहाला त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. दाराकडेही बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. रागानं नाही. राग असता तर मला पेलला असता. तू पाचवीत असताना नापास झाल्याचं प्रगतिपुस्तक लपवून त्यांच्यासमोर उभी होतीस, तेव्हा त्यांनी तुझ्याकडे जसं बघितलं होतं, तसं.

मग त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात धरला. मी म्हणाले, "मी तिला कळवलंच नाही हो." त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. त्यांना ते माहीत होतं. हात त्यांनी सोडला नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी श्वास थांबला. द्वारकाआत्यानं येऊन बोटं एकेक करून सोडवली, तोपर्यंत मी तशीच बसून होते.

हे सगळं आहे. यात काही कमी केलेलं नाही.

आई